आधी बिघडवून दाखवा

बेंगळुरूच्या मराठी मंडळींत गणपतीच्या जेवणाला शेजारी बसलेल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "मूळचे कुठले?" आणि "कुठल्या कंपनीत?" मी मूळची निपाणीची, त्यामुळे पहिल्याला उत्तर सोपं. दुसऱ्याला मी "पीण्यात" म्हणायची. पीण्या ही इथली कारखान्यांची वसाहत, नाव काढलं की लोकांना लेथ मशीन, लोखंडाचा कीस आणि ऑइलचा वास आठवतो. साडी नेसलेली बाई तिथे काय करते, हा तिसरा प्रश्न मग आपोआप येई आणि मी भात कालवत सांगे, "मेंदूतल्या रक्तवाहिन्या करते." समोरचा माणूस एकतर हसायचा, नाहीतर जिलबी आणायला उठायचा. एका आजोबांनी मात्र गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "डझनाचा काय भाव?"

आता निवृत्त झाले आहे, घाई कसलीच नाही, तेव्हा सविस्तर सांगते.

मी मुळात दातांची. म्हणजे दातांच्या कवळ्या करणारी. लग्न होऊन इथे आले आणि यशवंतपूरच्या एका डेंटल लॅबमध्ये चिकटले. मेणाचा दात कोरायचा, त्याच्याभोवती साचा ओतायचा, मेण वितळवून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत खरा माल भरायचा. निम्मं आयुष्य त्यात गेलं. एक दिवस मूर्ती सर आपल्या आईची कवळी न्यायला आले आणि कवळी पिशवीत टाकून माझं काम बघत तासभर उभे राहिले. ते इंजिनियर, पीण्यात स्प्रिंगवाला आणि पावडर कोटिंगवाला यांच्या मधल्या शेडमध्ये त्यांनी नुकतीच एक प्रयोगशाळा काढली होती. मला म्हणाले, "अम्मा, हेच उलटं जमेल का? पोकळी ठेवायची आणि आतलं फेकून द्यायचं." मी म्हटलं, "सर, पोकळी विकत घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." पुढच्या महिन्यात मी त्यांच्या शेडमध्ये रुजू झाले. लॅबचा मालक, दातांचा डॉक्टर, म्हणाला, या वयात असली थेरं कशाला. नवीन काहीतरी करावंसं वाटलं, एवढंच.

धंदा असा. मेंदूत रक्त नेणाऱ्या नळीची भिंत कधीकधी एखाद्या जागी कच्ची निघते आणि तिथे फुगा येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसाच. पुष्कळांना तो असल्याचा पत्ताही नसतो. फुटला तर मात्र माणूस हातचा जातो किंवा जन्माचा अधू होतो. पूर्वी कवटी उघडून त्या फुग्याच्या मानेला चिमटा लावत, आजही लावतात. पण आता दुसरी सोय निघाली आहे. केसाहून बारीक तारांची विणलेली जाळीची नळी मांडीतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून सरकवत सरकवत मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्याच्या तोंडासमोर उघडतात. रक्त मग जाळीतून पुढे जातं, फुग्यात शिरायचा त्याचा जोर मोडतो. आतलं रक्त साकळतं आणि काही महिन्यांत फुग्याचं तोंड बुजून तिथे नवं अस्तर धरतं.

ही जाळी माणसाच्या डोक्यात घालण्याआधी दुसऱ्या कशात तरी घालून बघायला नको का? ते "दुसरं काहीतरी" आम्ही करायचो. जाळ्या बनवणाऱ्या कंपन्या आमच्या मॉडेलमध्ये आपला माल तपासायच्या. काही डॉक्टर अवघड रोग्याचं मॉडेल मागवून आधी त्यावर हात बसवायचे.

हॉस्पिटलातल्या स्कॅनवरून आमची सायली संगणकावर त्या नळीचं चित्र घडवायची. सायली पुण्याची, शिकलेली इंजिनियर, आणि तोंडात इंग्रजी मराठीपेक्षा जास्त. तिच्या चित्रावरून मशीनवर नळीच्या पोकळीएवढा भरीव गाभा छापून निघे, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा. इथून पुढे माझं राज्य. गाभा घासून गुळगुळीत करायचा, त्यावर सिलिकॉनचे पातळ थर चढवायचे, एकेक थर भट्टीत पक्का करायचा आणि शेवटी सगळं पाण्यात सोडून आतला गाभा विरघळवून टाकायचा. मागे उरायची ती करंगळीहून बारीक, वेडीवाकडी, आरपार दिसणारी नळी.

ती ट्रेमध्ये ठेवून पंपाला जोडायची. पंप नाडीसारखा ठोक्याठोक्याने पाणी ढकलतो. पाण्यात ग्लिसरीन घालायचं, म्हणजे रक्ताचा दाटपणा येतो. ट्रेमध्येही तेच ओतलं आणि प्रमाण साधलं, की सिलिकॉन जवळजवळ दिसेनासं होतं. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंबही टाकायचे, कारण खरी रक्तवाहिनी आतून बुळबुळीत असते आणि सिलिकॉन चिकट. शिवाय सगळं अंगाच्या उबेइतकं कोमट ठेवायचं, त्याशिवाय त्या तारा नीट उघडत नाहीत. फुग्यात प्रवाह किती घोटाळतो हे बघायला रंग सोडायचा. त्यासाठी महागडे रंग मिळतात. आम्ही केसरीभातात, म्हणजे इथल्या शिऱ्यात, घालतात तो वापरायचो. सायलीच्या रिपोर्टात त्याला एक भारदस्त इंग्रजी नाव होतं.

रोग्याचं नाव आम्हाला कधी कळत नसे. नियमच तसा. स्कॅनबरोबर नुसता नंबर यायचा. पण नंबरावर माया कशी बसणार? म्हणून मॉडेल तयार झालं की त्याचा स्वभाव बघून आम्ही नाव ठेवायचो. गोल गरगरीत फुग्याचा तो गुंडण्णा. घातलेली तार बाहेर सोडायला तयार नसलेले ते भावोजी. एका मॉडेलचं नाव सायलीने के. आर. पुरम ठेवलं, कारण त्याच्या फुग्यात गेलेला रंग, तिथल्या ट्रॅफिकसारखा, बाहेर पडायचं नावच घेत नसे. ती रोज तिकडूनच यायची, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं.

संकटं यायची ती भलतीकडून. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, पीण्यातलं एकही मशीन पूजेवाचून राहत नाही. आमचा पंप सांभाळणारा मंजुनाथ तर अशा दिवशी अंगात आल्यासारखा सजावट करी. एका वर्षी त्याने भट्टी, पंप, मायक्रोस्कोप, इतकंच काय, मूर्ती सरांच्या खुर्चीलाही केळीचे खुंट बांधले आणि दारात कोहळा फोडला. दसरा झाला आणि कामाला लागलो, तर साच्यात ओतलेलं सिलिकॉन घट्टच होईना. न शिजलेल्या पिठल्यासारखं चिकट. दुसरा डबा फोडला, तेच. मूर्ती सर माल देणाऱ्यावर फोनवरून तुटून पडले. मंजुनाथ हळूच मला म्हणाला, "मंगलक्का, कोहळा चुकीच्या दारात फुटला. दृष्ट लागली." आम्ही दोघांनी गुपचूप दुसरा कोहळा आणून मागच्या दारात फोडला, हे मूर्ती सरांना कोणी मंडळाचा हा अंक वाचून दाखवला तरच कळेल.

शेवटी सायलीच्या लक्षात आलं, की चिकटपणा सगळीकडे नव्हता, पट्ट्यापट्ट्यांत होता. साच्याचे दोन भाग एरवी आम्ही चिकटपट्टीने बांधायचो. चिकटपट्टीची सगळी रिळं मंजुनाथने केळीच्या खुंटांना वापरली होती. मग त्याने साचे बांधले रबर बँडने. रबरात गंधक असतं आणि आमच्या सिलिकॉनचं गंधकाशी हाडवैर, जिथे टेकलं तिथे ते पक्कं होत नाही. त्या वर्षापासून पूजेच्या यादीत हळदकुंकवाबरोबर चिकटपट्टीची जादा रिळं येतात. कोहळे मात्र मंजुनाथ अजून दोन फोडतो. म्हणतो, "गंधकाचं गंधकाकडे, दृष्टीचं दृष्टीकडे."

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले, त्यांच्याकडे येते.

पाहुण्यांच्या बाबतीत आमच्या शेडचा एक रिवाज होता. कोणीही बघायला आलं तरी बिघाड दाखवायचा नाही. पाहुण्यांसाठी आम्ही एक खास मॉडेल राखून ठेवलं होतं, सरळ, रुंद, कशालाही नाही न म्हणणारं. त्याचं नाव गाय. गायीत जाळी पहिल्या झटक्यात उघडे, रंग फुग्यात जायचा थांबे, पाहुणे टाळ्या वाजवत आणि चहा घेऊन जात. गायीला पुसूनबिसून ट्रेमध्ये ठेवायचं काम माझंच होतं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. दुकानदार साडीची चांगली घडीच वर ठेवतो.

एक दिवस आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा मूर्ती सरांना फोन आला. हे डॉक्टर मृदू बोलणारे, जाड चष्म्याचे. अवघड नळी असली, की आमच्याकडे येऊन मुकाट्याने सराव करून जाणारे. त्यांच्या एका रोगी बाईंचं मॉडेल आम्ही नुकतंच केलं होतं. नळीला एकापाठोपाठ अशी वळणं होती, की मंजुनाथने त्याचं नाव आगुंबे घाट ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ह्या बाई हो म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत. दोन स्कॅनच्या मधल्या काळात फुगा वाढलाय. मला काळजी वाटते. त्या म्हणतात, डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करणार नाही. घेऊन येऊ का?"

मूर्ती सर हो म्हणाले आणि फोन ठेवून मला म्हणाले, "मंगलक्का, गाय काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी शेडसमोर एक छोटी गाडी येऊन थांबली. काचेवर लाल रंगात एल, छपरावर येलहंक्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. गाडी सून चालवत होती. डावीकडे तिच्या सासूबाई बसल्या होत्या, साठीच्या. नऊवारी नाही की पंजाबी ड्रेस नाही, साधी सुती पाचवारी, पायात कॅनव्हासचे बूट आणि उजवा पाय शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या जादा ब्रेकवर. गाडी थांबली तेव्हाच त्यांनी तो पाय काढला. ह्या सरोजाक्का. नियमाप्रमाणे आम्हाला कळायला नको असलेलं नाव त्यांनी उतरल्या उतरल्या स्वतःच सांगून टाकलं.

माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "निपाणीची होय? मी अथणीची की. चला, एक तरी माणूस समजंल असं बोलणारं भेटलं."

डॉक्टर थोडं उशिरा पोहोचणार होते, तेवढ्यात त्या माझ्या बाकाजवळच्या स्टुलावर बसून बोलत राहिल्या. नवरा लवकर गेला, तेव्हा त्यांनी त्याची टॅक्सी विकायचं सोडून त्या गाडीवर बायकांना चालवायला शिकवायला सुरुवात केली. येलहंक्यातल्या शेकडो बायका त्यांच्या हाताखालून रस्त्यावर आल्या. चक्कर येते म्हणून डोक्याचा स्कॅन काढला आणि फुगा निघाला.

"माझी थोरली भण असंच भाकरी करता करता गेली," त्या म्हणाल्या. "मला मरायचं भ्या नाय बघ. पर शिकाऊ पोरगी स्टिअरिंगवर, हेब्बाळच्या पुलावर, आणि शेजारी मी आडवी झाली, तर ती पोरगी काय करंल? त्या दिवसापासनं शिकवणी बंद केलोय. पाटी तेवढी पुसली नाय."

"मग करून घ्या की, अक्का," मी म्हटलं.

"आणि डॉक्टरानं आत काय घोळ केला, हात-पाय गेला, वाचा गेली, तर? तेव्हा बी शिकवणी बंदच की गं. हिकडं आड, तिकडं विहीर."

त्यांच्या पुढ्यात दोन्ही वाटा होत्या आणि दोन्हींवर धोका होता. शिकवणी त्यांचं पोट होती, आणि पोटापेक्षाही जास्त काहीतरी होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

डॉक्टर आले. मूर्ती सरांनी कोट घातला होता. सायलीने इंग्रजी-कन्नड मिसळून फुगा म्हणजे काय, जाळी म्हणजे काय, हे पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. मग सगळे गायीच्या ट्रेभोवती जमलो. डॉक्टरांनी तार सरकवली, जाळी मोगऱ्याच्या कळीसारखी सावकाश उघडली, मंजुनाथने केशरी रंग सोडला, फुग्यापाशी तो मंदावला आणि पुढे गेला. मूर्ती सर टाळी वाजवणार तेवढ्यात सरोजाक्कांनी विचारलं, "ही माझी हाय?"

मूर्ती सरांचे हात खाली आले. शेवटी मीच म्हटलं, "नाही अक्का. ही पाहुण्यांची आहे."

"मग माझी कुठाय?"

आगुंबे घाट मागच्या कपाटात होता. मी तो आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. स्वतःच्या डोक्यातली नळी हातात घेतलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी ती उजेडात धरली, वळणांवरून अंगठा फिरवला आणि फुग्यापाशी थांबल्या. केवढासा तो, वाटाण्याएवढा. "एवढ्याशानं माझी शाळा बंद पाडली," म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्या मॉडेलवर आधी दोनदा सराव केला होता. ते पंपाला जोडलं आणि त्यांनी जाळी वळणावळणाने नेऊन बरोबर उघडली. जरा वेळ लागला, पण छान उघडली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सरोजाक्का म्हणाल्या, "बेस. आता बिघडवून दाखवा."

डॉक्टरांना वाटलं, आपल्याला मराठी नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनी तेच कन्नडमध्ये सांगितलं, अगदी स्वच्छ.

मूर्ती सर पुढे झाले. "अम्मा, असं दाखवत नाहीत. तुम्ही पेशंट. उगाच भीती बसेल."

"भीती बसलेलीच हाय, सर. म्हणून तर आलोय." त्या स्टुलावर टेकल्या. "माझ्याकडं बाई शिकाया आली की पहिल्या दिवशी मी तिला गाडी चालवायला शिकवत नाय. बंद पाडायला शिकवतो. चढावर बंद पाड, सिग्नलला बंद पाड, मागनं बसवाला हॉर्न मारू दे. बंद पडल्यावर काय करायचं ते एकदा हाताला कळलं, की मग ती कुठं बी जाती. चांगली चाललेली गाडी काय, कुणी बी दाखवंल. तुम्ही सगळे मला नुसतं छान छान दाखवालेत की."

सायलीने माझ्याकडे पाहिलं, मी मूर्ती सरांकडे, मूर्ती सर जमिनीकडे. इतक्या वर्षांचा आमचा रिवाज. शिवाय भीती ही, की बाईंनी बिघाड पाहिला आणि उठून गेल्या, तर तो वाढता फुगा डोक्यात घेऊन जाणार. डॉक्टर थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. मग चष्मा लावून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. दाखवू या."

बिघडवायचं म्हणजे काय करायचं, हे शेडमध्ये मला ठाऊक होतं. कंपन्यांच्या चाचण्यांत आम्ही ते दारं बंद करून करायचो. ट्रेमध्ये हात घालून मी सगळ्यात आवळ वळणावर अंगठ्याने नळी किंचित दाबून धरली. डॉक्टरांनी आधीची जाळी काढून नवी सरकवली. ती माझ्या अंगठ्याखाली आली तेव्हा सिलिकॉनमधून मला तिची खरखर जाणवली. पुढचा भाग उघडला, मागचाही उघडला आणि मधोमध मोज्याला पीळ पडावा तसा पीळ पडला. मंजुनाथने रंग सोडला. पिळाच्या अलीकडेच तो तुंबला. पलीकडची नळी तशीच राहिली, बिनरंगाची.

अक्का ट्रेवर वाकल्या. "हे माझ्या डोक्यात झालं तर?"

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "पुढच्या भागाला रक्त मिळणार नाही. उजवी बाजू लुळी पडू शकते. बोलणं जाऊ शकतं. जीवही जाऊ शकतो."

सुनेने अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. अक्कांनी तो तसाच राहू दिला. "मग तुम्ही काय करणार?"

"पूर्ण सोडली नसेल तर परत आत ओढून घेता येते. बघा."

मला अंगठा काढायचा होता. डॉक्टर म्हणाले, "असू दे, तसाच ठेवा." त्यांनी तार हळूहळू मागे घेतली, जाळी मिटत मिटत तिला वाहून आणणाऱ्या बारीक नळीत परत गेली. पुन्हा उघडली. पुन्हा पीळ. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मी मनातल्या मनात निपाणीच्या सगळ्या देवांना हाका मारल्या, आणि अंगठा तसाच ठेवला, कारण सोडला असता तर ती फसवणूक झाली असती. त्यांनी पुन्हा आत ओढली. या वेळी त्यांनी ती बारीक नळी किंचित मागे सरकवली, तार बोटांत फिरवली आणि इतक्या सावकाश सोडायला लागले, की काही होतंय की नाही तेच कळेना. माझ्या अंगठ्याखाली काहीतरी फुललं. रंग वळणावरून पलीकडे गेला.

सायलीच्या तोंडून "ओ गॉड" बाहेर पडलं. मूर्ती सर कोट काढून खुर्चीवर बसले.

सरोजाक्का मात्र ट्रेकडे बघतच नव्हत्या. त्या मघापासून डॉक्टरांच्या हाताकडे बघत होत्या.

"तुम्ही चिडला नाय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"कोणावर?"

"तारेवर. माझ्याकडच्या निम्म्या बाया गाडी बंद पडली की गाडीला शिव्या घालत्यात आणि घाईनं चावी मारत्यात. त्यांना रस्त्यावर न्यायला मला बारा भानगडी." मग त्या उठल्या, पदर सारखा केला. "सरी, ठीक हाय. कुठं सही करायची ती सांगा."

डॉक्टरांनी त्यांना सगळे धोके पुन्हा एकदा, बसवून, नीट सांगितले. मूर्ती सरांनी त्या दिवशी गाय कपाटात ठेवली ती नंतर क्वचितच बाहेर निघाली. पाहुण्यांना आम्ही जमलेलं आणि बिघडलेलं, दोन्ही दाखवायला लागलो. काही पाहुणे चहा न घेता गेले, पण जे परत आले ते कायमचे आमचे झाले.

ज्या दिवशी अक्कांना जाळी बसवायची होती त्या दिवशी शेडमध्ये कोणाचं कामात लक्ष नव्हतं. मी एकच गाभा तीनदा घासला आणि शेवटी मोडला. दुपारी मूर्ती सरांचा फोन वाजला. सर नुसतं "हां, हां" म्हणत राहिले आणि आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत. फोन ठेवून म्हणाले, "पहिल्याच वेळी उघडली."

"पहिल्याच वेळी?" मंजुनाथ जवळजवळ नाराज झाला. एवढं सगळं नाट्य झालं आणि घाटाने काही त्रासच दिला नाही! मग तो बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, पावडर कोटिंगवाल्याची धूळ फार झाली आहे.

पण जाळी बसली म्हणजे काम संपलं असं नाही. फुगा बंद व्हायला महिने लागतात, आणि कधीकधी होतही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी अक्कांच्या हातांवर काळेनिळे डाग उठत असल्याचं डॉक्टरांकडून कळलं. नंतर डॉक्टरही कामात बुडाले. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. नळी आपल्याकडे येते, तिचं आपण नाव ठेवतो, कोडकौतुक करतो, आणि ती ज्या माणसाची, त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. कवळीवाला निदान कवळी टोचते म्हणून भांडायला तरी परत येतो. ह्याची मला शेवटपर्यंत खंत वाटत राहिली.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते तेव्हा सरोजाक्का एक दिवस शेडच्या दारात उभ्या. या वेळी बसने आल्या होत्या.

"गाडी कुठाय, अक्का?"

"शिकवणीला गेलीय की. सकाळच्या बाया माझ्या, दुपारच्या सुनेच्या."

मी त्यांना धरून स्टुलावर बसवलं. त्यांनी पिशवीतून आधी अथणीचे पेढे काढले आणि मग एक सीडी. "डॉक्टरनं नवीन स्कॅन काढला. म्हणाला, फुगा नाय आता. मी म्हटलं, कागदावर मला समजत नाय. आधीची तुम्ही केलाय. आता ही बी करा."

मूर्ती सरांनी विचारलं, "कशासाठी, अम्मा? ह्याच्यात काही तपासायचं नाही. कुठली जाळी घालायची नाही."

"मला बघायची हाय," अक्का म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि तेव्हा मला उमगलं, की इतकी वर्षं मी ज्या नळ्या केल्या त्या एकूण एक आजारी होत्या. बरी झालेली नळी आमच्याकडे कधी कोणी मागितलीच नव्हती. कोण मागणार, आणि कशाला?

सायलीने चित्र घडवलं, मशीनने गाभा छापला. मी थर चढवायला बसले. वळणं सगळी तीच, माझ्या हाताला पाठ झालेली. त्या एका वळणापाशी माझा ब्रश प्रत्येक थराला आपोआप थांबायचा, फुग्याच्या मानेभोवती फिरायला. तिथे फिरायला काही नव्हतं. ब्रश सरळ पुढे जायचा. असं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते संपू नये असं वाटत होतं.

अक्का बघायला आल्या तेव्हा डॉक्टरही हॉस्पिटलातून वेळ काढून आले. नळी ट्रेमध्ये ठेवली, पंप सुरू झाला. मंजुनाथने रंग सोडला. तो आला, वळणांवरून वळला, कुठेही न थांबता निघून गेला. एवढंच.

"संपलं?" अक्कांनी विचारलं.

"संपलं, अक्का."

त्यांनी स्टूल ट्रेच्या जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "आणि एकदा सोड की रं."

मंजुनाथने पुन्हा रंग सोडला. मग पुन्हा. डॉक्टरांना फोन येत होते, ते घेत नव्हते. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. बाटली रिकामी होईपर्यंत आम्ही सगळे बघत उभे राहिलो.